पाचोळ्याचा खड्डा

१० फेब्रुवारी

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, तेव्हा आता निदान हे पान पुरं वाच. खुशाली विचारत नाही, माझी कळवत नाही. कामाचं तेवढं लिहिते.

तुझ्या मनीला दिवस गेलेत हे मला कळलं. आपल्या दोघींचे कपडे अजून एकाच शिंपिणीकडे जातात, आणि कोणाचे कपडे सैल करायला आलेत हे सांगितल्याशिवाय तिला राहवत नाही. तिच्यावर चिडू नकोस. ती बोलली नसती तर हे पत्र लिहायचं मला सुचलं नसतं.

मूल जन्मलं की एकदोन दिवसांत त्याच्या दंडावर क्षयाची लस टोचतात. मनीला मुलगा झाला तर ती लस टोचू द्यायची नाही. आधी त्याचं रक्त तपासायचं. ठीक निघालं तर खुशाल टोचा. बाकीच्या लसींबद्दल मी काही म्हणत नाही, त्या डॉक्टर सांगतील तशा द्या. ही एक थांबवा. आणि त्याच्याही आधी, याच महिन्यात, मनीने स्वतःचं रक्त तपासून घ्यायचं.

का, ते आता सांगते.

माझ्या लेकीचा मुलगा चार वर्षांचा आहे. तू त्याला पाहिलेलं नाहीस. घरात त्याला भोपू म्हणतात, कारण हळू बोलणं त्याला जमत नाही. सध्या जमतंय. जन्मल्यावर त्याला ही लस दिली, ती जागा चिघळली. काखेत गाठ आली, फुटली, आणि महिनोन्‌महिने वाहत राहिली. आमच्या कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, "एखाद्याला होतं असं." मग मानेला गाठ आली. "एखाद्याला होतं." मग यकृतात पू झाला, तेव्हा म्हणाले, "मोठ्या हॉस्पिटलात न्या." एखाद्याला या एका शब्दावर त्या माणसाने आमच्या पोराची तीन वर्षं घालवली.

मोठ्या हॉस्पिटलात निदान झालं. जन्मजात दोष आहे. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात आणि मारतात. याच्या पेशी गिळतात, पण मारायचं हत्यार त्यांच्याकडे बनतच नाही. जंतू आत जिवंत बसून राहतात. भोवती गाठ धरते, पू होतो. त्यातही त्याला सगळ्यात घातक कुजक्या पाल्यावरची बुरशी. आपण एक शिंक देऊन मोकळे होतो, त्याचं फुप्फुस भरतं.

कुजक्या पाल्यावरची बुरशी. हे शब्द मी तुला लिहिते आहे, म्हणजे किती विचार करून लिहीत असेन ते समज.

हा दोष बायकांकडून येतो आणि मुलग्यांना धरतो. माझ्या लेकीला माझ्याकडून आला, मला आईकडून. तुलाही आईकडूनच आलेला असणार. तुझ्या खारूला तोच होता. मानेच्या त्या गाठी, ते सारखं पुवाने भरणं, आणि शेवटी फुप्फुस. दुसरं काही नव्हतं.

वरच्या चार ओळी पुन्हा वाच.

खाली डॉक्टरांचा नंबर लिहिला आहे. माझ्याशी बोलायची गरज नाही.

ताई


२४ फेब्रुवारी

धाकटे,

फोन केलेला नाहीस. मी डॉक्टरांकडे विचारलं.

या डॉक्टरांना सगळे छोट्या डॉक्टर म्हणतात, कारण विभागाचे मोठे डॉक्टर वेगळे आहेत. ते दुपारी येतात, पाठीवर थोपटतात आणि जातात. काम हीच करते. माझ्या लेकीहून लहान असेल. निदान झालं त्या दिवशी तिने मला खोलीत बोलावलं.

"आजी, तुमच्या घरात लहानपणी गेलेले मुलगे आहेत का?"

"आहेत."

"कोण कोण?"

मी सांगत गेले, ती कागदावर काढत गेली. मुलगा म्हणजे चौकोन, मुलगी म्हणजे वर्तुळ. गेलेल्या चौकोनात शाई भरायची. आईचा पहिला, माझ्या आधीचा. मग आपल्या दोघींच्या मधला, ज्याचा पाळणा तुला मिळाला. मग खारू. असे तक्ते मी कॉलेजात वाटाण्यांचे काढले आहेत, आनुवंशिकतेच्या पेपराला वर्गात पहिली आले आहे. स्वतःच्या घराचा तक्ता काढायची बुद्धी मला कधी झाली नाही. त्या पोरीने पाच मिनिटांत काढला. काळे चौकोन, भोपूचा तेवढा कोरा, आणि त्यांच्या डोक्यावर वर्तुळं: आई, मी, तू, माझी लेक. तुझ्या खालच्या वर्तुळात तिने प्रश्नचिन्ह घातलं.

"ही कोण?"

"भाची. बहिणीची मुलगी."

"तिला मुलं आहेत?"

"व्हायचंय."

तिने पेन खाली ठेवलं. "त्यांना सांगा. लगेच."

परवा भोपूच्या खाटेपाशी तिने पुन्हा विचारलं, "भाची अजून आल्या नाहीत?" काय सांगू? माझी बहीण माझ्या पत्राला उत्तर देत नाही, हे त्या पोरीला सांगायची मला लाज वाटली. मी म्हटलं, "जरा कामात आहेत." ती म्हणाली, "यापेक्षा कुठलं काम?" मला तिचा राग आला नाही. तुझा आला.

आणखी एक विचारलं तिने. तोंड येतं का वारंवार, आणि उन्हात गेलं की गालांवर लाल चट्टे उठतात का. ज्या बायका हा दोष अंगावर वागवतात, त्यांच्यापैकी पुष्कळजणींना तेवढंच होतं. आईला आठव. मला आठव. तुझ्या लग्नाच्या फोटोत तुझे गाल आठव. बाबा म्हणायचे, आमच्या घरच्या बायका उन्हात पिकतात. आणि मनीला आठव. टोस्टचा तुकडा हातात धरून रडत बसायची, तोंडात फोड आलेत म्हणून, आणि तू म्हणायचीस, नाटकं करते.

मोठी मावशी आईला काय म्हणायची ते तुला माहीत आहे. हिच्या दुधाला मुलगे टिकत नाहीत. आई ते ऐकून घ्यायची. आपल्या दोघींना तिने बाटलीवर वाढवलं, ते त्या एका वाक्याच्या धास्तीने. दुधात काही नव्हतं. हे तिला सांगायला आता ती नाही. तू आहेस, म्हणून तुला सांगते आहे.

आपल्या रोपवाटिकेतला पाचोळ्याचा खड्डा मी रिकामा केला. बाबांनी खणलेला, विटांनी बांधलेला तोच. माणसांच्या नाकातोंडाला फडकी बांधायला लावली. तळाचं खत इतकं मुरलेलं होतं की फावडं लोण्यात जावं तसं जायचं, वाफ निघत होती. माळीकाका काठावर उभे राहून हळहळत होते. "बाई, गिऱ्हाइकं यासाठी लांबून येतात. सोनं आहे हे."

"असेल. उचला."

"मग कुंड्यांत काय भरायचं?"

"ते मी बघते. तुम्ही उचला."

ट्रकने गावाबाहेर पाठवलं. खड्डा सिमेंटने बुजवला. आता हॉस्पिटलात जाण्याआधी मी आंघोळ करते, धुतलेले कपडे घालते, नखं खरवडते. काल भोपू म्हणाला, "आजी, तुला दुकानाचा वास येतो." मी म्हटलं, "कुठल्या?" म्हणाला, "साबणाच्या." पूर्वी तो माझ्या हातांना वास घेऊन ओळखायचा, आज गुलाब की आज शेवंती.

फोन कर. मला नको, डॉक्टरांना.

ताई


५ मार्च

धाकटे,

तुझ्या नवऱ्याची चिठ्ठी मिळाली. "आपली दोन्ही पत्रे पावली. सदर विषय आमच्यापुरता संपलेला असल्याने याउपर पत्रव्यवहार करू नये ही विनंती." खाली सही आणि तारीख. शिक्का तेवढा मारायचा राहिला.

सदर विषय. खारू त्याच्या खांद्यावर बसून त्याचे केस ओढायचा, ते मी पाहिलं आहे. तो मुलगा आता सदर विषय झाला. या माणसाने आयुष्यभर ऑफिसात दुसऱ्यांची पत्रं फाइलला लावली, आता घरातली लावतो आहे. त्याला सांग, मी त्याच्याशी पत्रव्यवहार करत नव्हते. मी माझ्या बहिणीला लिहीत होते.

पण त्या चिठ्ठीतून मला एक कळलं. पत्रं पोचली, आणि वाचली गेली. न वाचता विषय संपत नाही. म्हणजे तुम्हा दोघांना माहीत आहे, आणि तुम्ही मनीला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर ती स्वतः डॉक्टरांकडे आली असती. तिला डोकं आहे, ते कोणाकडून आलं देव जाणे.

का सांगितलं नाही, तेही मला समजतं. तुमच्या घरात एक गोष्ट आहे, मनी त्या गोष्टीवर वाढली. दादा गेला तो मावशीमुळे. मावशीने त्याला घाणीत खेळवलं. म्हणून मावशीकडे जायचं नाही, मावशीचं नाव काढायचं नाही. आता तिला रक्त तपासायला सांगायचं, म्हणजे ती विचारणार का, आणि का ते सांगायचं म्हणजे ती सबंध गोष्टच गळून पडणार. एकोणीस वर्षं सांभाळलेली वस्तू हातची जायला नको, म्हणून तू गप्प आहेस. बरोबर ना?

हॉस्पिटलच्या जिन्यात तू काय म्हणालीस ते मला शब्दाशब्दाने पाठ आहे. "हिने माझ्या पोराला उकिरड्यात घातलं." शेजारीपाजारी होते, नर्स होत्या, माझी लेक होती, तेव्हा दहा वर्षांची. मी जिना उतरून घरी गेले. तेव्हापासून तू माझ्या तोंडावर दार लावलंस, फोन आला की ठेवलास, रस्त्यात दिसले की समोरच्या पदपथावर गेलीस. ते सगळं मी चालवून घेतलं. का, ते मला आज लिहायचं नाही.

शिंपीणबाईंकडे गेले होते, मनीचा पत्ता मागायला. त्या म्हणाल्या, "मी शिवण उसवते बाई, घरं नाही." म्हटलं, जीवाचा प्रश्न आहे. म्हणाल्या, "तसं असेल तर तिची आई सांगेल की." त्यांचा तुझ्यावर फार विश्वास आहे. एवढं मात्र त्यांच्याकडून कळलं, बाळंतपण एप्रिलात आहे.

म्हणजे वेळ आहे. पण तू घालवते आहेस तेवढा नाही.

तुला माझ्यावरचा राग त्या बाळापेक्षा प्यारा आहे का? सरळ विचारते आहे. असेल तर तसं लिहून पाठव, नवऱ्याकडून नको, स्वतःच्या हाताने.

ताई


१३ मार्च

आज भोपूच्या छातीचा नवा फोटो आला. डाव्या फुप्फुसात डाग आहे. सुई घालून बघितलं. बुरशी आहे.

म्हणजे खड्डा रिकामा करून उपयोग झाला नाही. ती आधीच आत गेलेली होती. लेक म्हणते, तू उगीच स्वतःला लावून घेऊ नकोस. छोट्या डॉक्टर म्हणतात, ती हवेत सगळीकडे असते, कुठून आली असा शोध लागत नाही. मी बाहेरच्या बाकावर बसले. समोर एक बाई नातवाला गोष्ट सांगत होती, आणि माझ्या मनात एकच चाललं होतं. भोपूसारखंच एक पोर अजून जन्मायचं आहे, त्याच्या दंडावर सुई टोचली जाणार आहे, आणि त्याची आजी आपल्या घरी तोंड मिटून बसली आहे.

तेव्हा आज मी ते लिहिते जे इतकी वर्षं लिहिलं नाही.

खारूला खड्ड्यावर कोणी पाठवलं?

सुट्टी लागली आणि तू त्याला घेऊन आलीस. पिवळा पडलेला, हाडकुळा, मानेला पट्टी. पिशवी ठेवायच्या आधी तू म्हणालीस, "ताई, याला घरात बसवून ठेवू नकोस हं. डॉक्टरांच्या बाटल्यांनी पोरगं पार मेंगळट झालंय. आपल्याला बाबांनी कसं वाढवलं? रोज खड्ड्यावर पाठव याला. खत उपसू दे, अंगाला माती लागू दे."

मी म्हटलं, "खोकतोय गं तो."

तू म्हणालीस, "खोकला बसून जात नाही, घाम गाळून जातो." बाबांचं वाक्य. त्यांच्यासारखाच हात उडवून म्हणालीस.

आणि पोरगं खूश होतं, ते खोटं नाही. कुठे कसलं बी दिसलं की खिशात. चड्डी धुवायला घेतली की बादलीत बिया तरंगायच्या, म्हणून तर तो खारू. खड्ड्यात कमरेएवढा उभा राहून दोन्ही हातांनी पाचोळा उडवायचा, डोक्यावर झेलायचा. तू पायरीवर बसून हसत होतीस. माझ्या लेकीला म्हणालीस, "तूही उतर, त्याला सोबत होईल." ती उतरली. आठवड्याने खारूला ताप भरला. पुढचं तुला माहीत आहे.

जिन्यात तू माझ्याकडे बोट केलंस, तेव्हा मी एक वाक्य बोलले असते तर तू तिथेच कोसळली असतीस. मी बोलले नाही. मला वाटलं, हिला कशाला तरी धरून उभं राहायचं आहे, मला धरू दे. वर्षा-दोन वर्षांत उतरेल. उतरलं नाही. तुझं खोटं मी माझ्या नावावर चालू दिलं, कारण त्याने कोणाचं आणखी वाईट होत नव्हतं.

आता होतं आहे. त्याच खोट्यापायी तू दुसरं पोर पणाला लावते आहेस. तेव्हा ऐक. तू पाठवलंस त्याला. मी नाही. तू.


१४ मार्च

धाकटे,

कालचं पत्र पेटीत टाकलं. आज सकाळी पेटीपाशी जाऊन उभी राहिले. पोस्टमनला म्हणायचं होतं, एक पाकीट चुकून पडलंय, परत द्या. तो आला, पेटी उघडली, सगळं पोत्यात भरलं, मला म्हणाला, "काय आजी, काही टाकायचं राहिलं का?" मी म्हटलं, "नाही."

लिहिलं ते खरं आहे, पण अपुरं आहे. माझी लेक त्याच खड्ड्यात, त्याच्या शेजारी, त्याच्याइतकीच पाचोळ्यात लोळत होती. तिला साधं शिंकायलाही झालं नाही. आपण दोघी त्यातच वाढलो. तू पाठवलंस त्या जागी कुठल्याही आईने पाठवलं असतं, आणि कुठलंही दुसरं पोर संध्याकाळी हातपाय धुऊन जेवायला बसलं असतं. हे पोर वेगळं होतं, आणि तसं ते जन्माच्या आधीच होतं. कोणालाच ठाऊक नव्हतं. तुला नाही, मला नाही, बाटल्या देणाऱ्या डॉक्टरांना नाही.

आता ठाऊक आहे. फरक तेवढाच, आणि तेवढ्याच फरकासाठी मी हा कागद खराब करते आहे.

सोमवारी सकाळी मी तुझ्या दाराशी येऊन बसणार. जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन येते. शेजारी विचारतील, आजी कशाला बसलात. त्यांना सविस्तर सांगेन. माझा आवाज कसा आहे तुला माहीत आहे, भोपू काही वाऱ्यावर नाही, माझ्यावर गेलाय. पायऱ्यांवर बसून मनीची वाट बघेन. कधी ना कधी ती आईकडे येईलच.

ताई


२२ मार्च

धाकटे,

सोमवारची वाट न बघता तू मनीला घेऊन हॉस्पिटलात आलीस. मला न कळवता, सरळ छोट्या डॉक्टरांकडे. बाकावर मी बसले आहे हे तुला दुरून दिसलं, आणि क्षणभर तू वळलीस. मी पाहिलं. मग मनीने तुझा हात ओढला.

मनीचं रक्त घ्यायला आत नेलं, तेव्हा आपण दोघी एका बाकावर, मध्ये तुझी पर्स. भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र होतं. त्याच्याकडे बघत तू म्हणालीस, "तुला काय वाटलं, मी विसरले होते?"

मीही त्या चित्राकडे बघत राहिले.

"रोज आठवतं. सकाळी दात घासताना. तो पायरीसमोर उभा असतो, डोक्यात पानं." मग रुमाल काढलास आणि पर्स पुसायला लागलीस. पर्सला काही झालेलं नव्हतं.

तेव्हा बोलले नाही ते आता लिहिते. हो, मला खरंच वाटलं होतं तू विसरलीस. तुझा माझ्यावरचा राग इतका साफ होता की मला वाटलं, हिने आपल्या मनाला पटवूनच टाकलंय. म्हणजे तुला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं, आणि आपण एकाच गावात दोन टोकांना, तू बोट दाखवत आणि मी मोठेपणा मिरवत, दोघी म्हाताऱ्या झालो. याने माझा राग कमी झाला असं समजू नकोस, वाढला आहे. शिव्याच द्यायच्या होत्या तर घरी येऊन द्यायच्या होत्यास. मी दिल्या असत्या परत. एखाद्या दिवशी दमून दोघी जेवलो असतो.

काल निकाल आला तेव्हा मी मुद्दाम कोपऱ्यात उभी होते. मनी वाहक आहे. छोट्या डॉक्टरांनी तिला तोच कागद दाखवला, प्रश्नचिन्ह खोडून. मुलगा असला तर निम्मी शक्यता, मुलगी असली तर ती आईसारखी वाहक असायचीही तेवढीच. मनीने सगळं ऐकून घेतलं. मग खारूच्या काळ्या चौकोनावर बोट ठेवून तुला विचारलं, "मग दादा मावशीमुळे नाही गेला?"

छोट्या डॉक्टर टेबलावरचे कागद सारखे करायला लागल्या.

तू म्हणालीस, "नाही."

मनी आपल्या दोघींवर चिडली आहे. बाहेर आल्यावर म्हणाली, "तुम्हा दोघींना कोणीतरी एका खोलीत कोंडून कडी लावायला हवी होती." बरोबर आहे तिचं. मी काही समजूत काढायला गेले नाही, तूही जाऊ नकोस. चिडू दे. फक्त खाण्यापिण्याकडे लक्ष ठेव.

तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांसाठी छोट्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आहे. ती मनीच्या पिशवीत ठेव आणि तिची एक प्रत तुझ्या पर्समध्ये. पर्स पुसून झाली असेल तर.

ताई

तुझ्या नवऱ्याने बाहेर रिक्षाजवळ मला नमस्कार केला. मी मान हलवली. सदर विषयावर सध्या एवढंच.


१९ एप्रिल

धाकटे,

मनीचा फोन आला. मुलगा आहे, वजन चांगलं आहे, आणि त्याला आहे. नाळेच्या रक्तातच कळलं. ती शांत होती. मी नव्हते. फोन ठेवून रोपवाटिकेत गेले आणि माळीकाकांना विनाकारण बोलले. नंतर त्यांची माफी मागितली, तर ते घाबरले.

आता मी तुला छोट्या डॉक्टरांचं म्हणणं लिहून कळवते, कारण घाईत तू अर्धंच ऐकतेस. हा मुलगा भोपूसारखा नाही. दोष तोच, पण भोपू आजारपणं काढत काढत तिथे पोचला, हा पहिल्या दिवसापासून ओळखीचा आहे. जंतूंचं औषध रोज, बुरशीचं औषध रोज, एक दिवसही चुकवायचं नाही. ताप आला की वाट न बघता हॉस्पिटल. पुढे कोणाची अस्थिमज्जा जुळते का ते बघतील, जुळली तर दोष मुळातूनच जाऊ शकतो. भोपूचा डाग लहान होतो आहे. काल त्याने नर्सला इतक्या मोठ्याने हाक मारली की पलीकडच्या खोलीतल्या दोघी धावत आल्या. सगळे रागावले. मी नाही.

आणि मनीने मला दुसरं एक सांगितलं, ते तू सांगितलं नसतंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स ट्रे घेऊन आली. मनीला झोप लागली होती. चिठ्ठी तिच्या पिशवीत, पिशवी कपाटात. नर्सने बाळाची बाही वर केली. तू खुर्चीतून उठून पाळण्याच्या आणि तिच्या मध्ये उभी राहिलीस.

"आजी, बाजूला व्हा. लस आहे."

"याला द्यायची नाही."

"सगळ्याच बाळांना देतात."

"सगळ्यांना द्या. याला नाही."

"असं कसं? कोणी सांगितलं तुम्हाला?"

आणि तू म्हणालीस, "माझ्या बहिणीने."

नर्स म्हणाली, "बहीण डॉक्टर आहेत का?" तू म्हणालीस, "नाही. रोपं विकते." त्या आवाजाने मनी जागी झाली, म्हणून हे मला कळलं. ती सांगत होती, तू पाळण्याचा कठडा असा धरला होतास की तो सोडवायला दोघीजणी लागल्या असत्या.

धाकटे, हे चूक आहे. चिठ्ठी दाखवायची होती. त्यासाठीच तुझ्या पर्समध्ये प्रत ठेवायला सांगितलं होतं. हॉस्पिटलात डॉक्टरांचं नाव घ्यायचं असतं, कागद पुढे करायचा असतो. बहीण म्हणते म्हणून कोणी लस थांबवत नाही. उद्या दुसरी नर्स येईल, ती ऐकणार नाही. प्रत पर्समध्ये ठेव. बाहेरच्या कप्प्यात.

घरी नेण्याआधी दोन गोष्टी कर. दारातल्या कुंड्या सगळ्या काढ, बाल्कनीतल्याही. जिन्यात शेजाऱ्यांच्या असतील तर त्यांना सांग, ऐकले नाहीत तर मला सांग. आणि अंगणात पालापाचोळा झाडायला कोणी आलं तर बाळ आतल्या खोलीत, खिडकी बंद.

रविवारी मी येते. आंघोळ करून, धुतलेल्या कपड्यांत येते, तुझ्या दारात पुन्हा कोपरापर्यंत हात धुते. इतक्या वर्षांत कोणाकडे रिकाम्या हाताने गेले नाही, रोप घेऊन जाते. तुझ्याकडे काही आणणार नाही.

दार उघडं ठेव.

ताई